एका मांडवातल्या दोघी

हौसा खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली तेव्हा सरू वाल झोडत होती. ऊन चढलं होतं, अंगाला वालाच्या पाल्याची खाज सुटली होती आणि कंबर सकाळपासून भरून आली होती. तिने काठी खाली ठेवली नाही. हौसाच्या हातात नायलॉनची पिशवी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. एवढं बघितलं आणि सरूला आधी आपली स्वतःची पिशवी आठवली. माजघरात, दारामागे, खुंटीला. बाकीच्या बायकांना घरी नणंद आली की चहाचं आधण आठवतं. सरूला पेणच्या एस.टी.ची वेळ आठवायची.

त्याला कारण होतं, आणि ते कारण बावीस वर्षं जुनं होतं. सरूला कोलाडजवळच्या या घरात मोरूला दिली, त्याच दिवशी, त्याच मांडवात, मोरूची बहीण हौसा सरूच्या भावाला, पेण तालुक्यात गागोद्याच्या अलीकडच्या वाडीत, सख्याला दिली. साटंलोटं. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. दोन्ही घरचे म्हातारे तेव्हा फार खूश होते. आपली पोर दुसऱ्याच्या घरात ओलीस असली की कोणी कोणाच्या पोरीला त्रास देणार नाही, असा त्यांचा सरळ विचार. विचार करताना दोघींपैकी कोणीही तिथे बसलेली नव्हती. एकीला हळद लागत होती आणि दुसरीला लागायची होती.

नात्याचा तर पारच गुंता झाला. हौसा सरूची नणंद, आणि सरूही हौसाची नणंद. शिवाय दोघी एकमेकींच्या भावजयाही. पहिल्या वर्षी दोघींनी एकमेकींना 'वन्स' म्हणून पाहिलं, मग 'वहिनी' म्हणून पाहिलं, आणि शेवटी कंटाळून नुसत्या 'गो'वर आल्या.

पहिल्यांदा हौसा माहेरी आली ती सुजलेला डोळा घेऊन. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून सख्याने तांब्या फेकला होता. मोरूचे वडील, बाबाजी, वाईट माणूस नव्हे. त्यांनी सरूला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुजा काय दोष नाय पोरी. पण तुज्या भावाला कळाया हवं. त्याची भन घरी बसली म्हंजे त्याला कळंल." सरूने पिशवी भरली. तिची लेक मालू तेव्हा रांगत होती. पोर घरची, ती घरीच राहील, असं ठरलं. सरू माहेरी दोन महिने राहिली. परत आली तेव्हा मालू चालत होती. पहिलं पाऊल तिने हौसाकडे टाकलं, हे हौसानेच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा चोरी केल्यासारखा झाला होता.

तेव्हापासून हे असंच चालू राहिलं. हौसाचं बिनसलं की ती इकडे, आणि सरूचा काही संबंध नसताना सरू तिकडे. मग गावकी बसायची, चार शहाणे पान खायचे, सख्या खाली मान घालून 'चुकलो' म्हणायचा. परतीच्या दिवशी दोघी नागोठण्याच्या स्टँडवर भेटायच्या, एक इकडून आलेली, एक तिकडून. चहा पिता पिता एकमेकींना घर सांगायच्या. गाय गाभण हाय. मालूचा दात हलतोय, ओढू नको. आयच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधते मी. तुझ्या सासऱ्याला आता रात्रीची भाकरी पचत नाय, पेज दे. मग ही त्या गाडीत, ती या गाडीत.

मोरू धाटावच्या एका केमिकल कंपनीत तीन पाळ्यांत काम करायचा. तिथे रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय कोणाला मशीन सोडता येत नाही, हे त्यानेच सरूला सांगितलं होतं. रिलिव्हर नाही आला की डबल ड्युटी. मशीन काही केल्या बंद पडता कामा नये. सरू ऐकून घेत असे आणि भाकरी थापत असे.

मोरू चांगला होता. ते मात्र खरंच. त्याने सरूवर कधी हात उगारला नाही, दारूला कधी शिवला नाही, रोह्याच्या बाजारातून येताना आठवणीने तिच्यासाठी काही ना काही आणायचा. तिला माहेरी पाठवायची वेळ आली की स्वतः नाक्यापर्यंत सोडायला यायचा. इतक्या वर्षांत त्याने ती पिशवी एकदाही तिला उचलू दिली नाही. आणि इतक्या वर्षांत एकदाही 'थांब' म्हणाला नाही. बापाच्या तोंडावर बोलायची त्याची हिंमत नाही, असं सरूने आधी धरलं. मग बाबाजी म्हातारे झाले, डोळ्यांनी अधू झाले, मोरूच्या शब्दावाचून घरात पान हलेना, तरी तो शब्द काही आला नाही. सरूने तो कधी मागितला नाही. मागून घेतलेल्या शब्दाला काय चव, असं तिला वाटायचं. पण दर वेळी नाक्यावर, गाडी लांब वळणावर दिसली की तिचे कान मोरूकडे असायचे, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तर आता हौसा खळ्याच्या कडेला उभी होती.

"काय केलंन या वेळी?" सरूने विचारलं.

"काय नाय गो."

"मंग?"

"भांडण नाय झालं." हौसाने पिशवी खाली ठेवली आणि वालाच्या ढिगाला टेकून बसली. "झोपाया आले. आय आता पार बिछान्याला खिळली. रातीचं चार-चार वेळा उठायचं. तो वळून बघत नाय. काल दुपारला चुलीफुडं बसल्या बसल्या मला झोप लागली आणि पदराचं टोक जळलं. मंग आले. दोन दिस झोपते नि जाते."

तिने पदर दाखवला. टोक खरंच काळं झालं होतं.

सरूने काठी खाली ठेवली. आय म्हणजे सरूचीच आई, विमलबाई. "आयकडं कोण हाय मग?"

"पेज पाजून, अंग पुसून निघाले. धोंडुबाईला सांगून आले बघायला." धोंडुबाई म्हणजे शेजारीण. "तुजा भाऊस हाय की घरात."

सरूच्या भावाला चूल पेटवता येत होती, पण बिडी शिलगावण्यापुरती. हे दोघींना ठाऊक होतं. मग हौसा आत गेली आणि तोंडावर पाणीही न मारता माजघरात आडवी झाली.

ओटीवरून बाबाजींनी लेकीचा आवाज ओळखला होता. सरू आत आली तसं त्यांनी हाक दिली, "हौसा आली नाय का? पिशवी भर पोरी. सकाळची गाडी गावंल."

"भांडण नाय झालं, मामा. झोपायला आल्यात त्या."

"आसं कसं? ती इकडं म्हंजे तू तिकडं. बोली हाय ती."

चारच्या सुमारास मोरू पहिल्या पाळीवरून आला. सायकल लावली, हात-पाय धुतले, आत डोकावून निजलेली बहीण बघितली. सरूने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभी राहिली. या वेळी तर भांडणही नव्हतं. त्याने नुसतं एवढं म्हणायचं होतं की आज कोणाला कुठे जायची गरज नाही. सोपं होतं.

मोरूने चहाचा घोट घेतला. "हौसा आली व्हय. मंग तू उद्या निघशील," तो म्हणाला. "तिला सांगून ठेव, माज्या डब्याला तिखट कमी घाल म्हणावं. गेल्या वेळेला आग झाली पोटात."

सरूला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी धग असते. तिला नुसता थकवा आला, हाडापर्यंत. ती उंबऱ्यावर बसली. बावीस वर्षांत सख्याला एकदा तरी काही कळलं का, हा विचार तिने आजवर कधी नीट केलाच नव्हता. आता बसल्या बसल्या झाला. हौसा निघून आली की सख्याच्या घरी सरू हजर. पेज शिजायची, भाकरी व्हायची, आयचं अंग पुसलं जायचं. इकडे मोरूचा डबा भरायला हौसा हजर. कोणत्या पुरुषाची चूल एक दिवस तरी विझली? शिक्षा म्हणून पाठवत होते, आणि शिक्षा झाली ती फक्त एस.टी.तून हेलपाटे घालणाऱ्यांना. इतकी साधी गोष्ट दोन्ही गावांच्या शहाण्यांना दिसली नाही. आणि आपल्याला तरी कुठे दिसली, म्हणून तिला स्वतःचीच कीव आली.

"मी जात नाय," ती म्हणाली.

मोरूला वाटलं, ती उद्याचं बोलते. "परवा जा मंग."

"परवाबी नाय."

ओटीवर बाबाजींनी बराच आरडाओरडा केला. बोली मोडली, तोंड काळं झालं, लोक काय म्हणतील. मोरूने डोक्यावरून चादर घेतली. सरूने रात्रीला भात टाकला, पहिल्यांदाच दोघींनाही धरून.

पुढचे चार-पाच दिवस असे गेले की सरूला ते कधी विसरता आले नसते. आधी हौसा नुसती झोपली. मग उठली आणि खळ्यावर आली. दोघी समोरासमोर बसून वाल पाखडायच्या. एका घरात, एका वेळी, दोघी अशा कधी राहिल्याच नव्हत्या. एकीच्या हातची पोळी दुसरीने कधी गरम खाल्ली नव्हती. हौसा हसायची तेव्हा तोंडावर हात घ्यायची, हेही सरूला नवीन होतं. मालूचा विषय निघाला. मालूला मागच्या वर्षी माणगावला दिली होती, साध्या सरळ लग्नात, बदल्यात कोणी न घेता. त्या एका गोष्टीसाठी सरू बाबाजींशी महिनाभर भांडली होती.

पण सरूला घास गिळवत नव्हता. इथे ती जितकी थांबत होती तितकी तिकडे आय एकटी पडत होती. भावाला धडा शिकवायचा तर तो म्हातारीच्या पोटावरून शिकवावा लागत होता. अंथरुणावर ओली पडलेली आय तिला डोळ्यांसमोर दिसायची. दोनदा ती खुंटीपर्यंत जाऊन परत आली.

"जायचं का?" दुसऱ्यांदा हौसाने विचारलं.

"त्याला येऊ दे," सरू म्हणाली. "तुला न्यायला येऊ दे एकदा. बघू."

आणि सख्या आला. सकाळी दहाच्या गाडीने उतरून तडक घरी. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली, उजव्या हाताची दोन बोटं भाजून पांढरी झालेली. म्हणजे चूल पेटवायचा प्रयत्न झाला होता. बाबाजींना चाहूल लागली तशी त्यांची कळी खुलली. "आला नाय का! मी म्हनत व्हतो, कळंल एक दिस त्याला."

हौसा झटकन आत गेली. सरूने दाराआडून बघितलं, ती फणी घेऊन केस सारखे करत होती. चाळिशी ओलांडलेली बाई, अर्धे केस पिकलेले, आणि भांग सरळ पाडायला बघत होती. आपल्यासारखीच हीसुद्धा इतकी वर्षं कान देऊन बसली होती तर.

सख्या पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला. कोणाकडेही न बघता म्हणाला, "कोणीतरी एक चला."

मोरू दुसऱ्या पाळीचा होता, म्हणून घरीच होता. तो पायाची नखं काढत होता, त्याचा हात थांबला.

"कोणीतरी एक म्हंजे?" सरूने विचारलं.

"तू, नायतर ही." सख्याने दाराकडे हनुवटी केली. "धोंडुबाई किती दिस बघंल? आयला पेज नीट जात नाय माज्या हातची. कोणीपण चला."

फणी हातात घेऊन हौसा दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. ती रडली नाही. भांग अर्धा पडला होता, तो तिने तसाच बोटांनी मोडून टाकला आणि केसांचा अंबाडा बांधला.

सरू नवऱ्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंड उघडून मागितलं. "तुमी बोला. तुमच्या घरातून कोण जाईल?"

मोरूने सरूकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. त्याला कोणाला दुखवायचं नव्हतं. तो समजुतीने म्हणाला, "मी काय बोलू? घराला दोघींचीपण सवय हाय. कोन ऱ्हायलं तरी माजी काय तक्रार नाय."

आपण फार चांगलं बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. बाबाजींनीही मान डोलावली. सरूने खाली बघितलं. जमिनीवर मोरूच्या नखांचे तुकडे पडले होते. ते तिने सवयीने केरसुणीने गोळा केले, बाहेर टाकले, हात धुतले आणि आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली.

"शानी माजी पोर," बाबाजी म्हणाले.

हौसा मागोमाग आत आली. "जातेस गो?"

"तुजी कापडं दे," सरू हळूच म्हणाली. "या पिशवीतच घालते."

हौसाने तिच्याकडे बघितलं. मग न विचारता आपली दोन लुगडी आणून दिली. जळक्या पदराचं सरूने मुद्दाम वर ठेवलं.

"आयकडं दोघी बघू," सरू म्हणाली. "एक रात तू झोप, एक रात मी. आय तरी सुखानं जाईल."

"नि इथं?"

सरूने पिशवीचे बंद बांधले.

नाक्याकडे निघाले तेव्हा सख्या पुढे होता, बिडी ओढत. मागे दोघी. हौसा पोचवायला चाललीय असंच सगळ्यांनी धरलं, आणि कोणी विचारलं नाही. मोरूने नेहमीसारखी चप्पल सरकवली आणि सरूच्या हातातून पिशवी घेतली.

"आज जड लागते," तो वाटेत म्हणाला.

"व्हय," सरू म्हणाली.

नाक्यावर भजीच्या गाड्यावर गर्दी होती, ट्रक धूळ उडवत जात होते. वळणावर लाल गाडी दिसली. सरूचे कान सवयीने मोरूकडे गेले. त्या कानांची तिला आता लाज वाटली. मोरू म्हणाला, "पोचलीस की कोनाच्या तरी फोनवरून निरोप दे." चांगला माणूस. गाडी थांबली. सख्या आधी चढला आणि पुढे जाऊन बसला. सरू चढली, मोरूने पिशवी वर दिली. मग हौसाने दांडा धरला आणि तीही चढली.

मोरूला आधी काही वाटलं नाही. मग त्याने वर बघितलं. दोघी एका बाकावर बसत होत्या, हौसा कडेला, सरू खिडकीशी.

"हौसा, तू कुठं? उतर, गाडी सुटंल!"

हौसाने मान फिरवली. कंडक्टरने दोरी ओढली.

"अगो, माजी दुसरी पाळी हाय! डबा कोन भरंल? बाबांचं कोन बघंल?" मोरू गाडीबरोबर चालायला लागला, मग धावायला लागला, एका हाताने पत्र्यावर थापा मारत. इतक्या वर्षांत सरूने त्याला असं धावताना बघितलं नव्हतं. भजी खाणारी माणसं वळून बघत होती. त्याचा आवाज गाडीच्या घरघरीतून वर आला. "अगो, थांबा! कोणीतरी एक थांबा!"

गाडीने वेग घेतला. मोरू मागे राहिला, एका चपलेवर उभा. दुसरी रस्त्यात निघाली होती.

दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, त्यात वाल वाळत पडलेला. हौसाला डोळे उघडे ठेवणं कठीण जात होतं. तिचं डोकं सरूच्या खांद्यावर कलायला लागलं.

"काय वरडला गो दादा?" तिने अर्धवट झोपेत विचारलं. "मला नीट नाय ऐकू आलं."

"थांबा म्हणाला."

"कोणाला?"

सरूने खिडकीची काच ओढून घेतली, धूळ येत होती म्हणून. "नाव नाय घेतलंन," ती म्हणाली.